घडीचा कॅमेरा

मराठीत ‘घडी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. धोतराची, पातळाची, कागदाची घालतात ती एक घडी आणि काळ मोजण्यासाठी पूर्वी वापरायचे ती दुसरी घडी. हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत पाहायचे असतील, तर घडीचा कॅमेरा हातात घ्यावा. दुकानदार त्याला ‘फोल्डिंग कॅमेरा’ म्हणतात. बंद असतो तेव्हा तो जाडशा डायरीएवढा दिसतो. कडेची कळ दाबली की पुढचं झाकण खाली पडतं, त्यावरच्या पोलादी पट्ट्या ताठ होतात, भिंग पुढे सरकतं आणि त्याच्यामागे काळा चुणीदार भाता उलगडतो. फोटो काढून झाला की पट्ट्या दाबायच्या, झाकण लावायचं आणि कॅमेरा कोटाच्या खिशात टाकायचा.

आता तुम्ही म्हणाल, खिशातला मोबाइल दिवसाला दोनशे फोटो काढतो, मग आठ फोटोंत रोल संपवणारी ही यंत्रं जमवण्यात काय गंमत? गंमत तर आहेच. पण गमतीच्या पुढे जाऊन सांगायचं, तर तुमच्या-आमच्या घरात पणजोबा-पणजींचे जे फोटो आहेत, त्यांपैकी पुष्कळ या घडीच्या कॅमेऱ्यांनी काढलेले आहेत. फोटो आपण चौकटीत लावले, पण ज्याच्या डोळ्यातून ते उतरले तो कॅमेरा मात्र माळ्यावर गेला आणि तिथून भंगारात.

मुळात कॅमेऱ्याला घडी घालायची गरज का पडली, ते आधी पाहू. कोणत्याही कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये काही अंतर लागतं. हे अंतर म्हणजे निव्वळ मोकळी, काळोखी जागा. फोटो जेवढा मोठा हवा, तेवढी ही जागा मोठी लागते. म्हणजे कॅमेरा वाहणारा माणूस खरं म्हणजे पेटीभर अंधार खांद्यावर वाहत असतो. अंधाराला वजन नसतं, पण त्याला धरून ठेवणाऱ्या लाकडी पेटीला असतं. त्यावर उपाय निघाला तो भात्याचा. काम असेल तेव्हा अंधार पसरायचा, काम झालं की चुण्या मिटून ठेवून द्यायचा. युरोपात १८५० च्या दशकात असे भात्याचे कॅमेरे बनू लागले.

आपल्याला भाता नवा नाही. लोहाराचा भाता आपण जाणतो आणि हार्मोनियमचा तर पुण्यात घरोघरी माहीत होता. पेटीच्या भात्याला भोक पडलं तर हवा बाहेर जाते आणि सूर पडतो. कॅमेऱ्याच्या भात्याला भोक पडलं तर उजेड आत येतो आणि फोटो जातो. दोन्हीची दुरुस्ती मात्र सारख्याच हाताची. याचं एक अस्सल भारतीय उदाहरण केरळात घडलं. आलप्पुळा गावात वाद्यं दुरुस्त करणारं एक कुटुंब होतं. तिथल्या एका फोटोग्राफरने आपल्या कॅमेऱ्याचा फाटका भाता त्यांच्याकडे दुरुस्तीला आणला. ते काम करता करता त्या घरातल्या के. करुणाकरन यांनी अख्खा कॅमेराच बनवायला घेतला. १९४० च्या दशकात सुरू झालेला त्यांचा ‘वागीश्वरी’ हा सागवानी, भात्याचा कॅमेरा पुढे देशभरातल्या स्टुडिओंत तिकाटण्यावर उभा राहिला. काळ्या कापडात डोकं खुपसून फोटो काढणारा फोटोग्राफर ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी कदाचित हा कॅमेराही पाहिला असेल.

पण तो स्टुडिओचा कॅमेरा. मी बोलतोय तो खिशातल्या कॅमेऱ्याबद्दल. तो येण्याआधी फोटो काढणं हे किती खटाटोपाचं काम होतं, याची आज कल्पना येत नाही. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये, म्हणजे बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर उत्तम फोटोग्राफर होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. तेव्हाची पद्धत अशी : काचेवर रसायन ओतायचं, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. डोंगरावरचं लेणं टिपायचं तर काचा, बाटल्या, पाणी आणि तंबू वाहायला हमालांची रांग लागायची. हौशी माणसाचं हे काम नव्हे.

हौशी माणसाच्या हातात कॅमेरा दिला तो अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमनने. १८८८ मध्ये त्याने ‘कोडॅक’ नावाची पेटी बाजारात आणली. तिच्यात शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. रोल संपला की अख्खी पेटीच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायची. कारण रोल काढण्या-घालण्यासाठी अंधारी खोली लागायची. ही अडचण सोडवली ती एका साध्या युक्तीने. फिल्मच्या पाठीला काळा कागद लावला, कागदावर आकडे छापले आणि कॅमेऱ्याच्या मागे एक लहानसं लाल काचेचं भोक ठेवलं. चावी फिरवायची, लाल खिडकीत १ दिसला की थांबायचं, फोटो काढायचा. मग २ येईपर्यंत फिरवायचं. खिडकी लालच का? तर त्या काळच्या फिल्मला लाल रंग ‘दिसत’ नसे, म्हणून त्या उजेडाने ती बिघडत नसे. ही युक्ती १८९२ मध्ये बोस्टनच्या एका छोट्या कंपनीने काढली. ईस्टमनने १८९५ मध्ये ती कंपनीच विकत घेतली.

आता दोन गोष्टी जुळून आल्या. रोल उजेडात भरता येत होता आणि भात्याने अंधाराची घडी घालता येत होती. १८९० चं दशक संपता संपता कोडॅकचा खिशात मावणारा घडीचा कॅमेरा निघाला आणि पुढची पन्नास-साठ वर्षं जगभरच्या घरांत याच जातीचं राज्य राहिलं. १९०३ मध्ये तर असा एक नमुना आला, की त्याचा फोटो बरोबर पोस्टकार्डाच्या मापाचा. प्रिंट काढायची, मागे पत्ता लिहायचा आणि टपालात टाकायची. १९१२ मध्ये ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ आला. तो बंडीच्या खिशात राहायचा. पहिल्या महायुद्धात तो इतक्या सैनिकांच्या खिशात गेला, की त्याला ‘सैनिकाचा कॅमेरा’ असं नाव पडलं. १९१४ पासून काही कॅमेऱ्यांना मागे एक बारीक झडप आली. ती उघडून टोकदार सळईने फिल्मच्या कागदावर नाव, गाव, तारीख लिहायची, ती निगेटिव्हवरच उमटायची. या कल्पनेचे हक्क कोडॅकने हेन्री गाइसमन नावाच्या संशोधकाकडून ३ लाख डॉलरला घेतले होते. फोटोमागे नाव-तारीख लिहायचा कंटाळा करणारी माणसं तेव्हाही होती, असं दिसतं. कारण ही सोय असूनही बहुतेकांनी ती वापरली नाही आणि १९३० च्या दशकात ती बंद झाली.

पुण्याला या सगळ्याशी काय देणं-घेणं? पुणं एका बाजूने लष्करी छावणीचं गाव आणि दुसऱ्या बाजूने शिकल्या-सवरलेल्यांच्या पेठांचं. छावणीत साहेब लोकांबरोबर कॅमेरे आले. पेठांतून ते आले ते विलायतेहून परतलेल्या डॉक्टर-बॅरिस्टरांच्या सामानातून, नाही तर मुंबईच्या दुकानांतून. तोवर कुटुंबाचा फोटो म्हणजे स्टुडिओतला समारंभ. रंगवलेला पडदा, कुंडी, खुर्चीत बसलेले आजोबा, दोन्ही बाजूंना हात खाली सोडून उभी असलेली मुलं आणि ‘हलू नका’ म्हणून दम भरणारा फोटोग्राफर. घरात घडीचा कॅमेरा आला आणि फोटोतली माणसं मोकळी झाली. जुने अल्बम काढून पाहा. स्टुडिओतल्या फोटोत कोणी हसत नाही. घरच्या फोटोत आजी वाड्याच्या चौकात वाळवणाजवळ बसलेली असते, काकांच्या पायात चप्पल नसते, कोणी तरी पर्वतीच्या पायऱ्यांवर दम खात असतं, सिंहगडावर दह्याचं मडकं मध्ये ठेवून पाच मित्र बसलेले असतात. घराण्याच्या इतिहासात रोजचा दिवस शिरला तो या कॅमेऱ्याने.

त्या फोटोंचा आकारही आठवून पाहा. साधारण पत्त्याच्या पानाएवढे, कंगोरेदार पांढऱ्या कडेचे. ते एवढे लहान का? कारण ते मोठे केलेलेच नाहीत. बऱ्याच घडीच्या कॅमेऱ्यांची निगेटिव्ह ६ बाय ९ सेंटिमीटरची असे. ती कागदावर तशीच टेकवून प्रिंट काढत. म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातलं चित्र आणि अल्बममधलं चित्र एकाच मापाचं. तुमच्याकडचा एखादा जुना फोटो पट्टीने मोजून पाहा. ६ बाय ९ निघाला तर तो बहुधा अशाच कॅमेऱ्याचा किंवा त्याच्या भावंडाचा, म्हणजे साध्या पेटी-कॅमेऱ्याचा. आणि एकाच फोटोत एक माणूस दोनदा, किंवा भिंतीतून आरपार दिसणारी आत्याबाई आढळली, तर भुताटकी समजू नका. या कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकवायची आठवण स्वतःच ठेवावी लागे. विसरलं की एकावर एक दोन चित्रं!

संग्रहाचा नाद लागतो तो नावांमुळे. कोडॅक, आग्फा, झाइस इकॉन, फोग्टलँडर, एन्साइन, बाल्डा. प्रत्येक नाव म्हणजे एक गाव, एक कारखाना, एक काळ. फोग्टलँडरचं घराणं व्हिएन्नात सुरू झालं ते १७५६ मध्ये, म्हणजे पानिपतच्या पाच वर्षं आधी. शनिवारवाड्यात नानासाहेब पेशवे होते तेव्हा ही मंडळी शास्त्रीय उपकरणं घडवत होती! त्यांचा ‘बेसा’ हा घडीचा कॅमेरा पुढे पावणेदोनशे वर्षांनी आला. झाइस इकॉन ही कंपनी १९२६ मध्ये ड्रेस्डेनला जर्मनीतल्या मोठमोठ्या कॅमेरा-कंपन्या एकत्र येऊन झाली. तिचे ‘इकॉन्टा’ आणि ‘नेटार’ संग्राहकांचे लाडके.

आणि मग जगाचा इतिहास त्या लहानशा पत्र्यावर कोरलेला सापडू लागतो. एका कॅमेऱ्यावर ‘मेड इन जर्मनी’ असतं. दुसऱ्यावर ‘यूएस झोन’ असतं. युद्ध संपल्यानंतर जर्मनीचे चार तुकडे दोस्तांनी वाटून घेतले, त्यातल्या अमेरिकी तुकड्यात बनलेला तो कॅमेरा. पुढे ‘वेस्ट जर्मनी’ येतं. ‘सुपर इकॉन्टा’ हा झाइसचा उंची कॅमेरा १९३० च्या दशकातला. युद्धानंतर रशियाने जवळजवळ तोच कॅमेरा ‘मॉस्क्वा’ नावाने १९४६ पासून काढला. हे दोन कॅमेरे शेजारी ठेवले, की न सांगता कळतं, लढाईत जिंकणाऱ्याने हरणाऱ्याकडून काय काय नेलं. शाळेत सनावळ्या पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे बोटांना कळतं.

आता हे सापडतात कुठे? पुण्यात त्याचं पारंपरिक उत्तर म्हणजे मंगळवार पेठेजवळचा, बुधवार आणि रविवारी भरणारा जुना बाजार. नळाच्या तोट्या, पितळी कड्या, जुनी नाणी, ग्रामोफोनचे भोंगे यांच्यात एखादा कॅमेरा पडलेला असतो. विकणारा म्हणतो, ‘काका, अँटिक पीस आहे, शोकेसमध्ये मस्त दिसेल.’ किंमत आधी आपला चेहरा बघून ठरते, म्हणून चेहरा कोरा ठेवावा. आणखी एक वाट म्हणजे ओळखीपाळखी. वाडा पाडून इमारत उभी राहायची असते तेव्हा माळे रिकामे होतात. त्या आठवड्यात ज्याच्या कानावर बातमी आली, त्याला कॅमेरा मिळतो. नाही तर तो रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून वजनावर जातो.

घेताना काय पाहायचं? पहिला भाता. कॅमेरा उघडून, मागची फळी काढून, अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत बॅटरी लावायची. भात्याच्या कोपऱ्यांवर चांदण्या दिसल्या की समजायचं, इथून उजेड आत येणार. झाइसचे चामडी भाते ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही धड निघतात. आग्फाच्या ‘आयसोलेट’चे भाते मात्र कोपऱ्यांवर हटकून झिजलेले सापडतात. काळ्या रंगाचा थर आणि बारीक कापडाची पट्टी लावून ते तात्पुरते बुजवता येतात. दुसरं, भिंग. पुण्याचा पावसाळा आणि चामड्याची पेटी ही भिंगाची दोन शत्रू. चामडं ओल धरून ठेवतं आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. म्हणून कॅमेरा त्याच्या चामडी पेटीत ठेवू नये. पेटी वेगळी ठेवावी आणि कॅमेरा ओल शोषणाऱ्या पुड्यांसह कोरड्या डब्यात. तिसरं, शटर. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणणारं शटर खरोखर तेवढं चपळ आहे का, की वंगण आळून आळशी झालं आहे? जुन्या आग्फांचं अंतर जुळवण्याचं कडं तर हिरव्या वंगणाने असं चिकटतं, की पाना लावला तरी हलत नाही. जाणकाराकडून उकलून घ्यावं. जोर करू नये.

शटरच्या कड्यावर ‘टी’ आणि ‘बी’ अशी अक्षरं दिसतील. ‘बी’ म्हणजे बल्ब, पण हा दिव्याचा बल्ब नव्हे. पूर्वी शटर उघडायला रबराचा फुगा नळीने जोडलेला असे. तो दाबून धरला तोवर शटर उघडं. फुगा गेला, अक्षर राहिलं. आजच्या महागड्या डिजिटल कॅमेऱ्यावरही हा ‘बी’ आहे. भाषेत जसे जुने शब्द अर्थ विसरून टिकतात, तसंच हे.

आता खरा प्रश्न. अशा कॅमेऱ्यात आज फोटो निघतो का? इथे एक विलक्षण गोष्ट आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तीच आहे. कॅमेरा किती भक्कम बनवला आहे, यावर त्याचं आयुष्य ठरत नाही. त्याच्या पोटात जाणारा रोल मिळतो की नाही, यावर ठरतं. कोडॅकने वेगवेगळ्या कॅमेऱ्यांसाठी वेगवेगळ्या मापांचे रोल काढले आणि त्यांना नंबर दिले. पोस्टकार्डाच्या मापाचा १२२ नंबरचा रोल १९७१ मध्ये बंद झाला. ११६ नंबरचा १९८४ मध्ये. व्हेस्ट पॉकेटचा १२७ नंबरचा आणि पुढच्या पिढीचा ६२० नंबरचा हे दोन्ही कोडॅकने १९९५ मध्ये थांबवले. त्या मापांचे कॅमेरे ठणठणीत असले, तरी तेल नसलेल्या समईसारखे.

या सगळ्यांत टिकला तो १२० नंबर. हा रोल कोडॅकने १९०१ मध्ये ‘ब्राउनी’ नावाच्या साध्या पेटी-कॅमेऱ्यासाठी काढला. सव्वाशे वर्षं होत आली, तो आजही बनतो आहे. कसा टिकला? घरगुती हौशी लोकांमुळे नव्हे. ते तर ३५ मिलिमीटरकडे आणि मग डिजिटलकडे निघून गेले. १२० टिकला तो धंदेवाईक फोटोग्राफरांमुळे. जर्मनीचा रोलायफ्लेक्स, स्वीडनचा हॅसलब्लाड, जपानचा याशिका हे सगळे १२० वर चालणारे कॅमेरे. आपल्याकडे लग्नाचे फोटो काढणाऱ्या कित्येकांच्या गळ्यात कित्येक वर्षं दोन भिंगांचा याशिका लटकत होता. शिवाय बडोद्यात बनणारा ‘आग्फा क्लिक-३’ हा मध्यमवर्गाचा कॅमेराही १२० चाच. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना १९६७ मध्ये सुरू झाला. त्याचा ‘इंदू’ छापाचा रोलही या मापात मिळे. तो कारखाना आता बंद पडला आहे. थोडक्यात, लग्नाच्या मांडवात घाम पुसत उभ्या राहिलेल्या फोटोग्राफरने आपल्या आजोबांच्या इकॉन्टाला जगवलं, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून नव्याने संग्रह करणाऱ्याला मी नेहमी सांगतो, पहिला कॅमेरा १२० चा घ्या. रोल परदेशातून येतो, महाग पडतो, हे खरं. पण ६ बाय ९ मापाचे आठ फोटो किंवा ६ बाय ६ चे बारा फोटो, एवढंच काढायचं असल्यामुळे माणूस उगाच चाप ओढत नाही. अंतर डोळ्यांनी अजमावायचं, नाही तर पावलांनी मोजायचं. उजेड बघायचा. स्वच्छ ऊन आणि १०० क्रमांकाची फिल्म असेल, तर छिद्र १६ वर आणि शटर शंभराव्या भागावर. हा जुना ठोकताळा आजही चुकत नाही. कॅमेरा सावकाश उघडायचा. झटक्याने उघडला तर भाता हवा ओढतो आणि त्या ओढीने फिल्म जागची हलते. म्हणून आधी उघडा, मग फिल्म पुढच्या आकड्यावर घ्या. आणि आजच्या फिल्मला लाल रंगही दिसतो, तेव्हा ती लाल खिडकी चिकटपट्टीने झाका. आकडा पाहायचा तेवढ्यापुरती सावलीत उघडा. काळा-पांढरा रोल तर घरच्या न्हाणीघरातही धुता येतो. पाण्यातून वर काढलेल्या ओल्या पट्टीवर पहिलं चित्र दिसतं, तो आनंद सांगून कळायचा नाही.

मोठे संग्रह करणारेही आहेत. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनेस बुकाने २००३ मध्ये केली. दिल्लीजवळ गुरुग्रामला फोटोग्राफर आदित्य आर्य यांनी उभं केलेलं कॅमेऱ्यांचं संग्रहालय २०१९ पासून लोकांना खुलं आहे. पण संग्रहाची किंमत संख्येवर नसते, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आपल्याच शहरात डॉ. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती जमवायला सुरुवात केली. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली असतील, की अडकित्ता ही काय जमवायची वस्तू? अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी तो सुमारे २० हजार वस्तूंचा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये सरकारच्या हवाली केला. आज महाराष्ट्राचं घरगुती आयुष्य कसं होतं, हे पाहायला जग तिथे येतं. केळकरांनी शिकवलेला धडा एकच : रोजच्या वापरातली वस्तू सगळ्यांत आधी हरवते, कारण ती जपण्यासारखी आहे असं कोणालाच वाटत नाही.

कॅमेऱ्याचं अगदी तसंच झालं आहे. सिनेमाच्या बाबतीत पुण्याने आब राखला. ‘प्रभात’ १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, तिच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट झाली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथेच स्थापन झालं. पडद्यावरच्या चित्रांना घर मिळालं. घरातल्या चित्रांना मात्र कोणी वाली नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतून भांडीकुंडी, धान्य, पुस्तकं यांच्याबरोबर अल्बमही वाहून गेले. कितीतरी पुणेकर घरांत त्या तारखेच्या आधीचा एकही फोटो नाही. जे पुरातून वाचलं, ते आता माळे साफ करण्यात जातं आहे. आणि त्यात नवी हौस आली आहे ती सजावटीची. भात्याचा कॅमेरा घ्यायचा, भिंगाच्या जागी दिवा बसवायचा आणि उपाहारगृहाच्या भिंतीवर टांगायचा. एकदा भोक पाडलं की तो कॅमेरा कायमचा गेला.

म्हणून शेवटी एक विनंती करतो. आपल्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात असा कॅमेरा सापडला, तर तो घाईने उघडू नका. आधी मागची लाल खिडकी पाहा. तिच्यातून कागद किंवा आकडा दिसला, तर आत रोल आहे आणि त्या रोलवर कोणी तरी आहे. चावी हलक्या हाताने पुढे फिरवत राहा. सगळा कागद गुंडाळला जाऊन खिडकी रिकामी दिसली, की अंधारात रोल काढा, काळ्या कागदात गुंडाळा आणि काळा-पांढरा रोल हाताने धुणाऱ्या माणसाकडे द्या. इतक्या वर्षांनी काय निघणार, असं म्हणू नका. १८९७ मध्ये फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघालेले आंद्रे आणि त्यांचे दोन साथीदार बर्फात मरण पावले. त्यांचं सामान १९३० मध्ये सापडलं. तेहतीस वर्षं बर्फात राहिलेल्या त्या फिल्मांतून त्यांच्या शेवटच्या प्रवासाची चित्रं निघाली. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसे झालेले मॅलरी आणि आयर्विन यांच्याजवळ व्हेस्ट पॉकेट कोडॅक होता, असं मानतात. तो कॅमेरा अजून कोणाला मिळालेला नाही. ते दोघे शिखरावर पोचले होते का, या प्रश्नाचं उत्तर त्यात असेल, या आशेवर लोक आजही तो शोधत आहेत.

आपल्या माळ्यावरच्या रोलमध्ये एव्हरेस्ट नसेल. संक्रांतीचं हळदीकुंकू असेल, बाळाचं बोरन्हाण असेल, आज कोणालाच आठवत नसलेली एक मावशी चौकात उन्हात उभी असेल. पण आपल्या घरापुरतं ते तेवढंच मोलाचं.

आणि कॅमेरा द्यायचाच असेल, तर खुशाल द्या. संग्राहकाला द्या, शाळेला द्या, फोटोग्राफी शिकणाऱ्या शेजारच्या मुलीला द्या. फक्त देताना एका चिठ्ठीवर चार ओळी लिहा : कॅमेरा कोणाचा होता, कुठून आणला, कोणत्या साली, त्याने कोणाकोणाचे फोटो काढले. ती चिठ्ठी कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवा. मी कॅमेरा घेतो तेव्हा किमतीची घासाघीस नंतर करतो. आधी या चार ओळी विचारतो.